शिकवणीविना जॅझ पियानो

जॅझ पियानो रीतसर शिकवणी न लावता शिकता येतो का, हा प्रश्न साधारण 1940च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे जॅझ अमेरिकेतल्या कॉलेजांत शिरू लागल्यावर विचारला जाऊ लागला. त्याआधी तो विचारायचे कारणच नव्हते. शिकवणारी संस्था नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, आणि वादक तर गल्लोगल्ली तयार होत होते. पुढे कॉलेजे आली, पुस्तके आली, सरावाच्या तबकड्या आल्या, इंटरनेट आले. प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न नव्याने मांडला गेला, पण त्यातला एक घोळ मात्र तसाच राहिला.

तो घोळ ‘शिकवणी’ कशाला म्हणायचे याचा आहे. पियानोवर हात बसणे आणि नोटेशन वाचता येणे ही एक गोष्ट. जॅझची भाषा, म्हणजे तिची लय, तिच्या कॉर्ड, तिच्या ठरावीक जागा अंगवळणी पडणे ही दुसरी. आणि आपण वाजवतो ते बरोबर होते आहे की नाही, हे सांगणारा कुणीतरी जाणकार असणे ही तिसरी. एखाद्याने लहानपणी दहा वर्षे पाश्चात्त्य अभिजात संगीताची तालीम घेतलेली असते आणि जॅझ तेवढा ऐकून शिकलेला असतो. दुसऱ्याला वाचता अजिबात येत नाही, पण तो रोज रात्री थोरामोठ्यांच्या शेजारी बसलेला असतो. चरित्रलेखक दोघांनाही ‘स्वयंशिक्षित’ म्हणतात. पुढे येणारी बरीचशी मतभिन्नता या एकाच शब्दाच्या सैल वापरातून आलेली आहे.

पूर्वपीठिका

1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात महिनाअखेरीला घरभाडे भागवण्यासाठी घरातच नाचगाण्याची रात्र ठेवायची आणि येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, अशी पद्धत होती. या रात्रींचा कणा म्हणजे पियानोवाला. जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, फॅट्स वॉलर ही मंडळी तिथे वाजवायची, एकमेकांवर कुरघोडी करायची, आणि खोलीच्या कोपऱ्यात उभी असलेली पोरे त्यांच्या डाव्या हाताकडे डोळे लावून बसायची. खालचा सूर आणि मधली कॉर्ड यांच्यात सतत झेप घेणारी ही ‘स्ट्राइड’ शैली पाहूनच शिकण्याची होती.

ज्यांना हार्लेम गाठता येत नसे, त्यांच्यासाठी स्वयंचलित पियानो होता. कागदाच्या भेंडोळ्यावर, म्हणजे रोलवर, छिद्रे पाडलेली असत; पायाने भाता मारला की कागद पुढे सरके आणि छिद्रांप्रमाणे पट्ट्या आपोआप खाली जात. वॉशिंग्टनमध्ये वाढलेल्या ड्यूक एलिंग्टनने जॉन्सनची ‘कॅरोलायना शाउट’ ही रचना अशीच बसवली. त्याने रोलची गती कमी केली आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवून तो ती उचलत गेला. 1921मध्ये जॉन्सन वॉशिंग्टनला आला, तेव्हा एलिंग्टनने ती त्याच्यासमोरच वाजवून दाखवली. वॉलरही याच रीतीने शिकला. गती कमी करून बोटांचा माग काढण्याची ही युक्ती आज संगणकावर करतात ती शंभर वर्षांपूर्वीची आहे.

स्वयंशिक्षणाच्या बाजूने नेहमी ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत सर्वांत भक्कम उदाहरण एरॉल गार्नरचे. 1921मध्ये पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या गार्नरला आयुष्यभर नोटेशन वाचता आले नाही. भावंडांना घरी शिकवायला बाई येत. एरॉल मात्र ऐकूनच सारे उचलत असे. ‘मिस्टी’सारखी जगभर गाजलेली चाल त्याची, पण ती कागदावर उतरवली इतरांनी. 1955मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथे ध्वनिमुद्रित झालेली त्याची ‘कॉन्सर्ट बाय द सी’ ही तबकडी ऐकली, तर डावा हात गिटारसारखा ठोक्यावर घट्ट आणि उजवा हात मुद्दाम रेंगाळत मागून येणारा, असा त्याचा खास बाज लगेच ओळखू येतो. हा बाज कुठल्याही अभ्यासक्रमातून आला नसता, असे म्हणायला जागा आहे.

मेरी लू विल्यम्सची गोष्ट याहून बोलकी. तिच्या आईला स्वतःला शिकवणीमुळे फक्त वाचूनच वाजवता येऊ लागले होते, आपल्या मनाने काही सुचेनासे झाले होते. म्हणून तिने मुलीला शिक्षक लावायचे साफ नाकारले. त्याऐवजी ती व्यावसायिक वादकांना घरी बोलावून मुलीसमोर वाजवायला लावी. म्हणजे शिकवणी टाळली, पण उत्तम वादन रोज कानांवर पडेल याची व्यवस्था मात्र कसोशीने केली.

इतर नावे बारकाईने पाहिली की चित्र बरेच बदलते. जवळजवळ अंध असलेला आर्ट टेटम रेडिओ आणि रोल ऐकून शिकला हे खरे, पण टोलेडो शहरात त्याला ओव्हरटन रेनी या शिक्षकाकडे रीतसर धडेही मिळाले होते. थेलोनियस मंकचे वादन इतके आडवळणाचे की तो कुणाकडे शिकलाच नसावा असे ऐकणाऱ्याला वाटते; प्रत्यक्षात मुलगा असताना तो सायमन वुल्फ या शिक्षकाकडे अभिजात संगीत शिकला आणि शेजारच्या अल्बर्टा सिमन्स या पियानोवादिकेकडून स्ट्राइडच्या खुब्या उचलत होता. डेव्ह ब्रुबेकची तऱ्हा उलटी. आई पियानोची शिक्षिका, स्वतः संगीताचा पदवीधर, आणि तरीही नोटेशन वाचता येत नव्हते. हे उघड झाल्यावर कॉलेजने त्याला 1942मध्ये पदवी दिली ती एका अटीवर: त्याने कधीही पियानो शिकवायचा नाही. अशा माणसाला कोणत्या रकान्यात घालायचे, हे त्या वेळच्या डीनलाही ठरवता आले नसावे.

जॅझ वर्गात येतो

1945मध्ये लॉरेन्स बर्क यांनी बॉस्टनमध्ये एक छोटी संगीतशाळा काढली. तीच पुढे बर्कली नावाने जगप्रसिद्ध झाली. 1947मध्ये नॉर्थ टेक्सासच्या सरकारी कॉलेजात जॅझची पदवी सुरू झाली. त्या काळी जॅझ हा शब्द कॉलेजात चालत नसल्याने ती नृत्यसंगीताच्या नावाखाली होती. त्याच सुमारास अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या पद्धतीने शिकवत होता. त्याच्याकडे पहिला धडा पियानोवर नसेच. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा एखादा सोलो तबकडीबरोबर गळ्याने हुबेहूब म्हणता यायला हवा. तो पक्का झाल्यावरच वाद्याला हात लावायचा. भारतीय संगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकन संगीतशिक्षणात मात्र ही बंडखोरीच होती.

शाळांना शिकवण्यासाठी नियम लागतात. 1953मध्ये जॉर्ज रसेल यांनी कॉर्ड आणि स्वरसप्तके यांचे नाते सांगणारा सिद्धान्त मांडला. त्या धर्तीवर पुढे ‘या कॉर्डवर हे सप्तक’ अशी सोपी कोष्टके वर्गांत रूढ झाली. 1967मध्ये जेमी एबरसोल्ड यांनी सरावाच्या तबकड्यांची मालिका काढली. त्यांत ड्रम, बास आणि पियानोची साथ आधीच मुद्रित केलेली असे, आणि शिकणाऱ्याने तिच्यावर आपले वाजवायचे. 1970च्या दशकात बर्कलीच्या आवारात ‘रिअल बुक’ हे प्रचलित रचनांचे बेकायदा हस्तलिखित बाड तयार झाले आणि छायाप्रती होऊन जगभर पोहोचले. त्याची कायदेशीर आवृत्ती निघायला 2004 साल उजाडले. 1989मध्ये मार्क लेव्हीन यांचे ‘द जॅझ पियानो बुक’ आले. एकट्याने शिकणाऱ्यांच्या पियानोवर आजही बहुधा हेच पुस्तक उघडे असते.

गंमत अशी की ही सामग्री शाळांतून निघाली आणि तिचा खरा फायदा शाळेबाहेरच्यांना झाला.

मुख्य भूमिका

शिकवणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा वेळेचा आहे. तो समजण्यासाठी जॅझमधली सर्वांत जास्त वापरली जाणारी तीन कॉर्डची साखळी घ्यावी. हार्मोनियमवाल्यांची पांढरी एक, म्हणजे सी, हा षड्ज धरला, तर या तीन कॉर्ड अशा: डी-मायनर-सेव्हन (डी, एफ, ए, सी), जी-सेव्हन (जी, बी, डी, एफ) आणि सी-मेजर-सेव्हन (सी, ई, जी, बी). नवशिका चारही सूर डाव्या हाताने दाबतो आणि हात एका ठिकाणाहून दुसरीकडे उड्या मारत राहतो. जाणकार प्रत्येक कॉर्डमधले तिसरा आणि सातवा हे दोनच सूर ठेवतो. मग पहिल्या कॉर्डचे उरतात एफ आणि सी, दुसरीचे एफ आणि बी, तिसरीचे ई आणि बी. पहिलीवरून दुसरीवर जाताना फक्त सी अर्धा स्वर खाली घसरतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना फक्त एफ घसरतो. हात जागचा हलत नाही आणि संगीत पुढे सरकते. मूळ सूर वाजवायला बासवाला असतोच. ही गोष्ट शिक्षक पाच मिनिटांत दाखवतो. एकट्याने चाचपडणाऱ्याला ती सापडायला कित्येक महिने जाऊ शकतात, आणि सापडली नाही तरी काही चुकते आहे हे त्याला कळत नाही.

दुसरा मुद्दा शरीराचा. ताठ मनगट, उचललेले खांदे, करंगळीवर येणारा नको तेवढा ताण या सवयी सुरुवातीला खुपत नाहीत. पुढे वेग वाढला की स्नायुबंधांची दुखणी सुरू होतात. बाहेरून पाहणारा माणूसच या सवयी वेळेत पकडू शकतो. हा मुद्दा शिकवणीविरोधकही फारसा खोडून काढत नाहीत.

विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की जॅझमध्ये जे खरे महत्त्वाचे, ते कागदावर येत नाही. आठव्या भागाच्या सुरांची ती हेलकावणारी लय, ठोक्याच्या किंचित पुढे किंवा मागे राहण्याची कला, सुराचा ठसका हे ऐकूनच येते. तबकडीवरून सोलो उतरवून घेणाऱ्याच्या कानांत सुरांबरोबर ही लयही उतरते. कोष्टक पाठ करणाऱ्याच्या हाती नुसते सूर लागतात. शाळांमुळे सगळेच सारखे वाजवू लागले, ही तक्रारही इथलीच. तिला पुरावा म्हणून दिले जाणारे नमुने बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याच्या आवडीनिवडीवर बेतलेले असतात, हेही नोंदवायला हवे.

बिल इव्हान्सचे स्थान या वादात वेगळे आहे. तो स्वतः कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेला, अभिजात पियानोत तयार. पण 1966च्या ‘द युनिव्हर्सल माइंड ऑफ बिल इव्हान्स’ या माहितीपटात भाऊ हॅरीशी बोलताना तो शोधण्याची जबाबदारी शिकणाऱ्यावरच टाकतो. त्याच्या मते तयार उत्तरे हाती दिली की शिकणाऱ्याचा शोधण्याचा आनंद जातो. आणि तरीही सगळे एकदम वाजवण्याचा आव न आणता एक छोटी गोष्ट घेऊन ती नीट पक्की करण्याचा त्याचा आग्रह आहे. अनेक स्वयंशिक्षितांना नेमके हेच जमत नाही. ते गाजलेल्या वादकाची वरवरची नक्कल करतात आणि ती जमली असे समजतात.

तिसरा पक्ष मधला, आणि इथे आलेले बहुतेक पुरावे त्याच्या बाजूला झुकतात. त्याचे म्हणणे असे, की जॅझला शाळा नव्हती तेव्हाही शिक्षण होतेच, फक्त ते संस्थेत नव्हते. 1940च्या दशकात मेरी लू विल्यम्सच्या हार्लेममधल्या घरी मंक आणि बड पॉवेल या पियानोवादकांचा राबता असे. तिथे एकमेकांचे वाजवलेले ऐकणे, सुधारणे, टोकणे चाले. मिंटन्स प्लेहाउस या क्लबातल्या मैफलींत कच्चा वादक मंचावर चढला की बाकीचे अवघड पट्टीत वा अफाट वेगात वाजवू लागत, आणि तो आपसूक खाली उतरे. परीक्षा हीच, निकालही तिथल्या तिथे. पॉल बर्लिनर यांच्या ‘थिंकिंग इन जॅझ’ (1994) या ग्रंथात वादकांच्या मुलाखतींमधून हे जाळे तपशिलाने मांडले आहे.

डेट्रॉइटचा पियानोवादक बॅरी हॅरिस हा या मधल्या वाटेचा सर्वांत मोठा प्रतिनिधी. तरुणपणी तो आपल्या घरीच इतरांना शिकवत असे. 1982 ते 1987 त्याने न्यूयॉर्कमध्ये जॅझ कल्चरल थिएटर चालवले, आणि नंतरही त्याचे आठवड्याचे वर्ग सुरू राहिले. पदवी नाही, अभ्यासक्रम नाही. नवखा आणि मुरलेला एकाच खोलीत बसत. हॅरिस एखादी ओळ गाऊन दाखवे आणि सारे ती तिथल्या तिथे उचलत. याला शिकवणी म्हणावे की नाही, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होणे कठीण.

संशोधन काय सांगते

या वादात तीन अभ्यासांचा उल्लेख हमखास येतो. 1993मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांवर केलेला अभ्यास शिक्षकाने आखून दिलेल्या हेतुपूर्वक सरावाला निर्णायक महत्त्व देतो. लोकांच्या तोंडी असलेला दहा हजार तासांचा आकडा याच अभ्यासातून निघाला. 2014मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली. संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी साधारण 21 टक्के भागच अशा सरावाने उलगडतो असे त्यांना दिसले. दोन्हींची मर्यादा एकच आहे: त्यांचा भर मुख्यतः लिहिलेले संगीत वाजवणाऱ्यांवर आहे. 2008मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे चित्रण केले. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी स्वतःवर देखरेख ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाचे काम मंदावलेले दिसले. ‘नियम विसरा, मनाला येईल ते वाजवा’ या सल्ल्याला आधार म्हणून हा अभ्यास सर्रास पुढे केला जातो. ते बरोबर नाही. ते सहाही जण आधीच तयार वादक होते. ते कसे तयार झाले, याबद्दल त्या चित्रणात काहीच नाही.

आकड्यांपेक्षा एका माणसाची नोंद इथे जास्त उपयोगी पडते. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड सडनाउ यांनी प्रौढपणी जॅझ पियानो शिकताना आपल्या हातांत काय काय बदलत गेले, ते ‘वेज ऑफ द हँड’ (1978) या पुस्तकात लिहून ठेवले. शिक्षकाने दिलेल्या कॉर्ड आणि सुरावटी बोटांना येऊ लागल्या, बोटे वेगाने धावू लागली, तरी निघणारा नाद जॅझचा नव्हता. जिमी रोल्स या वादकाला जवळून वाजवताना पाहिल्यावर, त्याचे अंग लयीबरोबर कसे चालते हे हेरून तसे बसू-हलू लागल्यावर, सुरावटी जुळून येऊ लागल्या. शिकवणी होती, पुस्तके होती, तबकड्या होत्या. अडले होते ते पाहण्यापाशी.

मुंबई आणि गोवा

या प्रश्नाची आरशातली प्रतिमा मुंबईत सापडते. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवायला रीतसर शिकवले जाई. त्या जोरावर गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद भरून राहिले. त्यांच्यापाशी अमेरिकेतल्या स्वयंशिक्षितांकडे नसलेले सारे होते. नव्हती ती जॅझची लय. 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, तेव्हा स्थानिक वादकांना ती प्रत्यक्ष ऐकायला आणि शेजारी बसून वाजवायला मिळाली. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला वेदरफोर्ड पुढे कोलकात्यात स्थायिक झाला आणि 1945मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा सारा काळ आला आहे. पिट्सबर्गचा गार्नर आणि मुंबईचे गोमंतकीय वादक विरुद्ध टोकांवरून निघाले. दोघांनाही पोहोचवले ते संगतीने.

अनिर्णित मुद्दे

पहिला प्रश्न पुराव्याचाच आहे. गार्नर आणि विल्यम्स यांची नावे राहिली, कारण ते यशस्वी झाले. गार्नरच्याच पिट्सबर्गमध्ये शिकवणीविना चाचपडून पियानो सोडून दिलेल्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही. शिक्षण अर्धवट सोडलेल्या कॉलेज-विद्यार्थ्यांनाही हेच लागू पडते. त्यामुळे थोरांची उदाहरणे मोजून या वादाचा निकाल लावता येत नाही, तरी तो प्रयत्न थांबत नाही.

दुसरा प्रश्न साथीचा. आजच्या मोबाइलवरची ॲप कोणत्याही रचनेला हव्या त्या गतीने बास आणि ड्रमची साथ देतात. ही साथ चुकत नाही, दमत नाही आणि वाजवणाऱ्याचे ऐकतही नाही. एबरसोल्डच्या तबकड्यांवर हाच आक्षेप होता. जॅझ हे संभाषण मानले, तर एका बाजूने बहिऱ्या साथीवर वर्षानुवर्षे सराव केल्याने कान बोथट होतो की निदान ताल पक्का होतो, यावर मुरलेल्या शिक्षकांतही मतभेद आहेत.

तिसरा प्रश्न एकाच उदाहरणाचे दोन अर्थ निघण्याचा. मेरी लू विल्यम्स 1977पासून 1981मध्ये मृत्यू होईपर्यंत ड्यूक विद्यापीठात जॅझ शिकवत होती, याचा दाखला दोन्ही पक्ष देतात. एक पक्ष म्हणतो, विद्यापीठाला शेवटी शिकवणी न घेतलेल्या बाईंकडे यावे लागले. दुसरा म्हणतो, त्या बाईंनाही शेवटी जॅझ वर्गात शिकवता येतो हे मान्य झाले.

उरतो प्रश्न इंटरनेटचा. 2005मध्ये यूट्यूब सुरू झाल्यावर हातांची हालचाल जवळून पाहण्याची सोय कुणालाही, कुठेही झाली. 2003मध्ये बालीत जन्मलेला जोई अलेक्झांडर हे या काळातले सर्वांत गाजलेले नाव. वडिलांच्या संग्रहातला जॅझ ऐकून तो वाजवू लागला, आणि त्याचा पहिलाच अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचला. पण त्याच्या आईवडिलांनी त्याला बालीत आणि जाकार्तात मोठ्या वादकांच्या मैफलींत नेऊन बसवले होते. त्यामुळे केवळ पडद्यावर पाहून तयार झालेला वादक म्हणून त्याचेही नाव पुढे करता येत नाही. तसा वादक घडू शकतो का, हे सांगणारी पिढी आता कुठे तिशीला टेकते आहे. तिच्या वादनावरून निकाल लागायला आणखी दहा-पंधरा वर्षे तरी जावी लागतील.